पट्ट्यापट्ट्यांचे बटवे

भोकरदनला धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला बडीशेप-सुपारी भरलेला एकेक बटवा द्यायचा, असं आईनं जाहीर केलं. बाजारात चकचकीत तयार मिळतात, हे मी सांगून पाहिलं.

"ते एका हिसक्यात उसवतेत," आई म्हणाली. विषय संपला.

कापड यायचं होतं शेजारच्या खालांकडून. खाला ब्लाउज शिवतात. निम्म्या गावाची छातीची मापं त्यांना तोंडपाठ आहेत आणि भांडण झालं की त्या ती मोठ्यानं सांगतात. ब्लाउजमधून उरलेले तुकडे त्यांनी पोत्यात भरून ठेवलेले. पोतं आमच्या फरशीवर पालथं झालं, तशी आई बोलून गेली, "किती ह्या चिंध्या!"

"चिंध्या मत बोलो, बाजी. कतरन बोलो," खालांनी सुनावलं.

खाला कापायच्या, आई मशीन चालवायची आणि मी नाडी ओवायचे. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावायची आणि बटव्याच्या तोंडाशी दुमडून शिवलेल्या नेफ्यातून ती सरकवत न्यायची. निम्म्या वाटेत पिन उघडून अंगठ्यात घुसायची. तेव्हा माझ्या तोंडून निघणारे शब्द लग्नघराला शोभणारे नव्हते. वडील, म्हणजे निवृत्त गुरुजी, पेपराआडून म्हणायचे, "लोक लग्नात साड्या वाटतेत. तुम्ही परकराच्या नाड्या वाटून राह्यल्या."

शेवटी पोतं संपलं आणि बटवे थोडे कमी पडले. आई आत गेली आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड सुती कापड घेऊन आली. खालांनी ते पाहिलं आणि ओढणीत तोंड खुपसलं. मीही ओळखलं. ती वडिलांची चड्डी होती.

"नवीच हाय," आई म्हणाली. "एकदाच धुतली."

"धुतली म्हंजे घातली ना?"

"तू नाडी ओव."

खालांनी त्या बटव्यांना जरीची किनार लावली. खरं सांगायचं तर सगळ्या ढिगात तेच देखणे दिसत होते.

लग्नात बुद्धवंदना झाली, हार घालून झाले आणि मी टोपली घेऊन फिरू लागले. पट्ट्यांचे बटवे मी तळाशी दडपले होते. पण नवऱ्या मुलाच्या आईनं, परतूरच्या विहीणबाईंनी, वरचे सगळे बाजूला सारून नेमका त्यातलाच एक उचलला. वडील शेजारीच हात जोडून उभे होते.

"काय कापड हाय! आमच्याकडं न्हाई भेटत असं. कुठून आणलं, गुरुजी?"

वडिलांनी बटव्याकडे पाहिलं. मग नीट पाहिलं. आयुष्यभर पोरांना कोड्यात टाकणारा माणूस घामाघूम झाला.

"घरचंच हाय," ते म्हणाले.

विहीणबाईंनी बटवा गालाला लावला. "आणि किती मऊ!"

वडिलांना ठसका लागला. पाणी आणायच्या निमित्तानं मी पळाले. आतल्या खोलीत आई आणि खाला एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. लेक चालली म्हणून रडतायत असं समजून आमची आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नका," ती म्हणाली, "पोरगी चांगल्या घरात पडली." त्यावर खाला खालीच बसल्या.

घरी आल्यावर वडील आईशी बोलेनात. काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. सासूबाई त्या बटव्यात बीपीच्या गोळ्या ठेवत होत्या आणि जातील तिथं तो दाखवत होत्या. आता त्यांच्या दोन्ही जावांना अगदी तसेच बटवे हवे होते.

आईनं फोन ठेवला आणि वडिलांच्या कपाटाकडे पाहिलं.

वडील चपला घालून बाजारात गेले. परत आले ते इलॅस्टिकच्या नव्या चड्ड्या घेऊन. मग कपाट उघडलं आणि पट्ट्यापट्ट्यांचा सगळा गठ्ठा आणून आईच्या मशीनवर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "पण आधी गरम पाण्यात धू."