दोरीत लावलेले आरसे

तुमच्या गाडीचा डावा आरसा तुम्हाला मागचं दिसावं म्हणून लावला आहे, की गाडी बघणाऱ्याला चांगली दिसावी म्हणून?

मी सात वर्षं सैन्यात ड्रायव्हर होतो. बाहत्तरच्या हिवाळ्यात आमच्या ट्रान्सपोर्ट प्लाटूनचा तात्पुरता कॅम्प आकुर्डीच्या पुढे, हमरस्त्याकडे उतरणाऱ्या माळावर होता. मी लान्स नाईक. माझ्याकडे तीन टनी ट्रक. जोडीला दुसरा ड्रायव्हर शिपाई भीमराव गायकवाड, वय बावीस, राहणार पिंपळे गुरव. त्याचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. घर सायकलच्या अंतरावर असून रजा महिन्यातून एकदाच मिळते, यावरून तो रोज एकदा तरी कुरकुरायचा. कामात मात्र चोख होता.

साडेपाचला पीटी. साडेसातला गाडीची तपासणी: पाणी, तेल, हवा, ब्रेक, आरसे. आरसे आपल्या सीटवर बसूनच लावायचे, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं आणि आम्ही ते करतही होतो.

त्या दिवशी इन्स्पेक्शन होतं. बारा ट्रक शेजारी शेजारी उभे केले. बंपर एका रेषेत. उतारावर गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांपुढे लावलेले लाकडी ठोकळे चुन्याने पांढरे. सुभेदारसाहेबांनी पहिल्या ट्रकपासून बाराव्यापर्यंत दोरी ताणली आणि सगळे आरसे त्या दोरीच्या रेषेत आणायला लावले. एकही पुढेमागे नको, एकही तिरका नको.

भीमराव म्हणाला, "नाईक, आरशांना मुंडावळ्या बांधल्यात जनू. नवरदेव कवा बसायचा?"

"तोंड बंद ठेव आणि फडकं मार."

"फडकं मारतोय की. पर ह्यात दिसतंय काय? आभाळ."

मी वर चढून बघितलं. डाव्या आरशात खरंच आभाळ होतं आणि शेजारच्या ट्रकच्या ताडपत्रीचा कोपरा. इन्स्पेक्शन झालं की फिरवू, असं म्हणून मी खाली उतरलो.

दहा वीसला इन्स्पेक्शनला आलेले साहेब गेले. रांग सुंदर दिसते, असा शेरा मिळाला. दहा पस्तीसला वायरलेसवर हुकूम आला: माल भरायला ताबडतोब निघा. सगळे धावले. पद्धत अशी होती: दुसरा ड्रायव्हर ठोकळे काढतो, ट्रकच्या बाजूवर दोनदा थाप मारतो, मग गाडी हलते. पण त्या दिवशी सुभेदारसाहेब ओरडले, "सीटी पे सब एक साथ. कोई पीछे नहीं रहेगा."

दहा चाळीसला शिट्टी झाली. थाप ऐकू आली नव्हती. मी डाव्या आरशात बघितलं. आभाळ होतं, माणूस नव्हता. बाकीचे ट्रक हलले. मी क्लच सोडला.

डावा ठोकळा जमिनीत रुतला होता. भीमराव गुडघ्यांवर बसून तो ओढत होता.

दुपारी दोनला आम्ही त्याचा देह पिंपळे गुरवला नेला. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. वडील पहिली शिफ्ट अर्धी टाकून आलेले, हाताला अजून मशीनचं तेल. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं.

"त्याची काय चूक व्हती का?"

मान खाली घालून मी ट्रकमध्ये जाऊन बसलो. आजवर मी याहून भित्रेपणाचं काही केलेलं नाही.

चौथ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी. आदल्या संध्याकाळी सुभेदारसाहेबांनी टाइप केलेला जबाब पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की मयत शिपाई शिट्टीनंतरही स्वतःच्या निष्काळजीपणामुळे चाकाजवळ थांबला.

"सही कर," ते म्हणाले. "तुझी लान्स नाईकची फीत वाचेल. गेलेल्याला आता काय फरक पडतो?"

"त्याच्या वडिलांना पडतो."

"त्यांना मी सांभाळतो."

"नको, साहेब. मी सांगतो त्यांना."

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी घेणाऱ्या मेजरसाहेबांपुढे उभा राहिलो.

"आरसा पुन्हा लावू नको, असा हुकूम होता?"

"नाही, साहेब."

"मग?"

"मग चूक माझी. थापेशिवाय गाडी हलवली, तीही माझी."

ते लिहू लागले. मी म्हणालो, "साहेब, दोरीचंही लिहा. शिट्टीचंही लिहा."

त्यांनी वर बघितलं. लिहिलं की नाही, मला माहीत नाही. अहवालातून निष्काळजीपणाचा शब्द निघाला, एवढं मला कळलं. माझी फीत गेली. पहिल्या रजेत मी पिंपळे गुरवला गेलो आणि वडिलांना म्हणालो, "त्याची चूक नव्हती. माझी होती." ते आत वळून भीमरावच्या आईला म्हणाले, "ऐकलंस का? न्हाई म्हनतोय." मला त्यांनी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

पुढच्या इन्स्पेक्शनला दोरी पुन्हा आली. मी सीटवर बसलो आणि दोन्ही आरसे माझ्या नजरेप्रमाणे लावून घेतले.

"ही एकच गाडी वाकडी का दिसते?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"हिच्यातून मागचं दिसतं, साहेब."

सात दिवस पिट्ठू, म्हणजे पाठीवर वजन बांधून धावायची शिक्षा, मिळाली. आठव्या दिवशीही माझे आरसे तसेच होते.

आता मी पिंपरीत कामगारांची बस चालवतो. एका बसवर तीन शिफ्टचे तीन ड्रायव्हर. माझ्या आधीचा सहा फुटी, मी पाच फूट चार इंच. त्याच्या आरशात मला छप्पर दिसतं. रोज पाना घेऊन मी नट सैल करतो. सुपरवायझर म्हणतो, "राव, तुमचं रोजचंच नाटक. दोन मिनिटं जातात." मी म्हणतो, "मेमो द्या." तीन दिलेत. चौथाही घेईन.

युद्धात पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. भीमराव युद्धात पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही. पण तो ड्युटीवर, हुकूम पाळताना गेला. मी त्याला पडलेल्यांतच धरतो. कुणाची हरकत असेल तर त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या गाडी सुरू करण्याआधी सीटवर नेहमीसारखे टेकून बसा. एका माणसाला डाव्या मागच्या चाकापाशी उभं करा, मग खाली वाकायला सांगा. तो दोन्ही वेळा दिसेपर्यंत आरसा फिरवा. फिरवूनही दिसत नसेल, तर माणूस तिथून उठून तुमच्यासमोर येईपर्यंत गाडी हलवू नका. आरसाच नसेल तर किल्ली परत द्या. आणि हे कुणी शिकवलं असं मालकाने विचारलं, तर माझं नाव घेऊ नका. सांगा, शिपाई भीमराव गायकवाड, पिंपळे गुरव.