रांगेतला दगड

सायक्लोस्टाईलच्या शाईचा वास आला की मी औशातल्या त्या दुष्काळात अडकतो. लातूर नुकताच जिल्हा झालेला. टँकरच्या रांगेत जागा धरायला दगड मांडलेले. 'माणूस चांगला, व्यवस्था नासकी' असं सायक्लोस्टाईलवर काढलेलं माझं पत्रक मी वाटत होतो.

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर रांगेत होते. म्हणाले, "जिल्हा नवा झाला बाबा, माणूस जुनाच हाय. पाणी सरू दे, मग बघ."

"तुमच्यामुळंच लोक गप्प बसतेत, सर!" मी भडकलो.

टँकरची धार बारीक झाली. मी एका म्हातारीचा दगड पायानं सरकवला आणि तिथं आईची घागर ठेवली.

"आरं पत्रकवाल्या!" म्हातारी ओरडली.

सरांनी म्हातारीचा दगड उचलून रांगेत स्वतःच्या जागी ठेवला आणि रिकामी घागर घेऊन ते रांगेच्या शेवटी गेले. एक टोमणा मारला असता तर मी सुटलो असतो.