बॅचचा खजिना

दातांच्या कॉलेजात सिगारेट लपवता येत नाही. घरी वेलदोडा चघळून आईला फसवता येतं. पण इथे पेशंटला हात लावण्याआधी मुलं एकमेकांच्याच दातांवर हात बसवतात. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाचं चारित्र्य प्रत्येकाने आरशात, चांगल्या उजेडात पाहिलेलं असतं.

बाकीच्यांची तोंडं म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेली बैठकीची खोली. खरवडायचं काय? एकाच्या मात्र खालच्या दातांमागे काळपट तपकिरी थर असे, आणि साफ केला तरी थोड्याच दिवसांत पुन्हा भरे. त्याला सगळे खजिना म्हणत. त्याच्या तोंडासाठी नंबर लागत. धूम्रपानविरोधी पोस्टर रंगवताना समोर नमुना हवा, तर सिगारेट तोच देई. चित्र झालं की नमुना ओढून टाकी. तंबाखू वाईट, यावर वर्गात दुमत नव्हतं. ओढणाऱ्यांचं तर मुळीच नव्हतं. ते हे मत धूर सोडता सोडता, पुराव्यानिशी मांडत.

त्याला मनापासून रागावणारी एकच होती. तिला वरच्या वर्गातली मुलंही ताई म्हणत. "डॉक्टर होणार आहेस की धुराडं?" असं ती त्याच्या दातांवर हत्यार चालवता चालवता विचारी, म्हणजे उलट उत्तराची सोय नसे.

शेवटच्या वर्षी खजिना पास झाला आणि ताई नापास. परीक्षेला पेशंट आपला आपण आणावा लागतो. ताईचा जो वेटिंग रूममधून उठला, तो पुन्हा दिसला नाही.

"पुढच्या वेळी मी बसतो तुझ्या खुर्चीत," खजिना म्हणाला. "मी कुठे पळणार?"

डागाळलेलं, ओळखीचं, न पळणारं तोंड. ताई निश्चिंत झाली.

इकडे इंटर्नशिपमध्ये खजिन्याची नेमणूक तंबाखू सोडवण्याच्या खोलीत झाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. एके दिवशी समोर बसलेल्या बस कंडक्टरने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कशी सोडलीत?" आता याला काय सांगणार? खजिन्याने थाप मारली. आधी दात लख्ख करून घेतले. धुतलेल्या फरशीवर चिखलाचे पाय कोण ठेवतं? तल्लफ आली की पाणी प्यायलो. हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की कंडक्टरला पटलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःलाही पटलं. शेजारच्या इंटर्नकडून त्याने दात लख्ख करून घेतले आणि सिगारेट खरोखरच सोडली.

कँटीनमध्ये तो हसला, तेव्हा ताईच्या हातातला कप खाली आला.

"हे काय?"

"सोडली."

"आणि थर?"

"काढून घेतला."

"अरे, माझी परीक्षा आलीय. तेवढी होईपर्यंत तरी थांबायचंस."

"तूच तर मागे लागली होतीस."

"मी बोलतच असते. तू ऐकायचंस कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा सिगारेटचं पाकीट विकत घेतलं. दुकानदाराने कुठली हवी विचारलं, तर म्हणाली, "डाग जास्त पडणारी." पाकीट खजिन्यापुढे ठेवलं. त्याने निमूटपणे एक काढून ओठात धरली. काडी पेटणार, तोच तिने सिगारेट हिसकावून घेतली.

"राहू दे. नापास व्हायची मला सवय आहे. तुला सोडायची अजून झालेली नाही."

खजिन्याने पाकीट मिटून तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "माझा मामा आहे."

मामा घड्याळं दुरुस्त करी, तोही ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट धरून. दातांच्या डॉक्टरचं दार त्याने कधी पाहिलं नव्हतं. भाच्याने समजावून पाहिलं, व्यर्थ. शेवटी खजिन्याची आई भावाला म्हणाली, "दादा, पोरीचं वर्ष जातंय. गपचूप जाऊन बस." मामा गपचूप जाऊन बसला.

परीक्षेला त्याने हत्यारं उलटसुलट करून पाहिली. "आमच्यासारखीच आहेत की. फक्त आमची गिऱ्हाइकं ओरडत नाहीत."

ताईने खालचे दात स्वच्छ केले. परीक्षक म्हणाले, "आता पेशंटला तंबाखूबद्दल समजावा." तिने समजावलं.

"पोरी, हे पाकिटावरही छापलेलं असतं," मामा म्हणाला. "सोडलेला एखादा माणूस दाखव."

ताईने दार उघडलं. खजिना बाहेर कान लावूनच उभा होता. त्याला दंडाला धरून आत आणलं, दिव्याखाली उभं केलं, तोंड उघडायला लावलं. मामाने खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं.

"हा? हा माझ्याच पाकिटातून चोरून शिकला." मग बराच वेळ न्याहाळून परीक्षकांना म्हणाला, "मागूनसुद्धा स्वच्छ आहे." जणू मार्क तोच देणार होता.

परीक्षकांनी हसू आवरलं आणि ताईला सांगितलं, "झालं. पास आहात, या आता."

ताईला रडू फुटणार होतं, पण मामा आरशात बघत होता. "आणि वरचे?"

"परीक्षेला एवढेच असतात, मामा."

"अर्धं घड्याळ साफ करून कोणी परत देतं का? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कॉलेजच्या दवाखान्यात आली, तर दाराला अजून कुलूप आणि मामा पायरीवर बसलेला.

"इतक्या लवकर? आणि पाकीट कुठाय?"

"रात्रीच संपलं," मामा म्हणाला. "पानाचं दुकान उघडायच्या आत इथे आलो. चल, आटप."