हल्याच्या शिंगाची मूठ

वडिलांचा वस्तरा मी मोडला, हे आधीच सांगून टाकतो. ऐन धान रोवण्याच्या धांदलीत युरियाच्या पोत्याची शिलाई उसवायची होती, विळा सापडेना आणि कोनाड्यात वस्तरा दिसला. नायलॉनचा दोरा तुटेना म्हणून हिसका दिला, तर वस्तरा हातातून सुटून पायरीच्या दगडावर आपटला. पातं शाबूत राहिलं. पातं ज्यात मिटतं ती मूठ मात्र दोन तुकडे होऊन पडली. आजोबांपासून चालत आलेला वस्तरा, आणि मी त्याने पोतं उसवत होतो. स्वतःच्याच एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

वडील रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडे उचलले, म्हणाले, "जाऊ दे. जुना झालता." आणि दुसऱ्या दिवसापासून दाढी करणंच बंद केलं.

वडील ऐंशीच्या घरातले. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या हातून दाढी करून घेतली नव्हती. एक दिवसाआड अंगणातल्या खांबाला आरसा टांगायचा, आमच्याकडे पाठ करून बसायचं, आणि तेवढा वेळ घरात कोणी हाक मारायची नाही. अलीकडे तर तो आरसा अंगणातून गोठ्यामागे गेला होता. हनुवटीला कधी कापसाचा बोळा चिकटलेला दिसायचा. पातं बोथट झालं असेल, म्हणून मी सोडून द्यायचो.

मी बाजारातून पत्तीचा रेझर आणून दिला, तर त्यांनी तो डब्यातून बाहेरही काढला नाही. सलूनचं नाव काढलं की कूस बदलून झोपायचे. दाढी छातीकडे निघाली. गावात जो तो विचारायचा, "कशाचा नवस बोलला जी?" वडील नुसते हसायचे आणि माझा जीव जळायचा.

लाखनीला हायवेवर माझं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. जळालेले, बुडालेले, गाळ खाल्लेले पंप मी चालू करून देतो. त्यापुढे बोटभर रुंद मुठीची काय बिशाद, असं मला वाटलं. आमच्या गोठ्याच्या दारावर शेवटच्या हल्याची शिंगं टांगलेली होती. हा रेडा आमच्या धानाच्या बांध्यांत वर्षानुवर्षं चिखलणी करून म्हातारा झाला आणि गोठ्यातच मेला. मग ट्रॅक्टर आला. शिंगं वडिलांनीच ठेवून घेतली होती. त्याच्याच शिंगाची मूठ केली तर माझा गुन्हा माफ होईल, असं मी धरून चाललो.

शिंग कापताना जळक्या केसांसारखा वास सुटतो, तो अंघोळीनेही जात नाही. कापलेलं शिंग वाकडं असतं, म्हणून ते उकळून मऊ करायचं आणि दाबून सपाट करायचं. मी चुलीवर मोठा गंज चढवला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "त्या गंजात आता मी भात रांधू का? साऱ्या मोहल्ल्याले वास येऊन राहिला." त्या दिवसापासून तो गंज माझ्या नावाने गोठ्यात पडून आहे.

पहिल्या शिंगाच्या दोन पट्ट्या निघाल्या, पण मला धीर कुठला. ओल्या असतानाच त्या घासल्या, भोकं पाडली, आणि दोन दिवसांत त्या तव्यावरच्या पापडासारख्या वळल्या. एक शिंग असं वाया गेलं. आता एकच उरलं होतं. ते गेलं असतं तर त्या हल्याचं घरात काहीच राहिलं नसतं.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. सागाच्या दोन फळ्यांमध्ये पट्ट्या धरून त्यांवर धानाची पोती रचली. सपाट झाल्यावर वाळवण्यासाठी त्या एका पोत्यात, वाळल्या धानाच्या मधोमध पुरल्या. धान ओल ओढून घेतं, आणि आमच्याकडे आंब्यापासून सीताफळापर्यंत सगळं धानातच पुरतात. त्या पोत्यावर निळ्या ऑइलपेंटची जाड रेघ मारली आणि वडिलांना बोट दाखवून सांगितलं, "बाबा, या पोत्याले हात लावजा नोका."

आठवड्याने दुकानातून घरी आलो तर तेच पोतं गायब. वडील बाजेवर बसून पान लावत होते.

"पोतं कुठं गेलं?"

"मिलमंधी देलं. घरचे तांदूळ सरले."

"बारा पोत्यांतलं तेच काहून देलं?"

"हाताले लागलं ते देलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मोटरसायकल काढली. मिलवर पोहोचलो तेव्हा पोतं रिकामं होऊन धान यंत्रात चाललं होतं. ओरडून पट्टा थांबवला. चाळणीवर काडीकचऱ्यात दोन काळ्या पट्ट्या अडकल्या होत्या, एकीचा कोपरा उडालेला. मिलवाला हसून हसून बसला. धानात खडे निघतात, माती निघते, पण शिंग त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

कोपरा घासण्यात निभावला. मग वडिलांची तपासणी सुरू झाली. पहिल्यांदा म्हणाले, जाड झाली. कानशीने घासली, काचेच्या तुकड्याने खरवडली. मग म्हणाले, पातं डावीकडे घासून राहिलं. पितळी तारेचे खिळे काढले, टोकाची पाचर बदलली, पुन्हा ठोकले. मग म्हणाले, लय गुळगुळीत झाली, ओल्या हातातून निसटन. दुकानात गिऱ्हाईक पंप घेऊन ताटकळत उभं आणि मी पॉलिश पेपर घेऊन मूठ खरखरीत करत बसलेला. हा माणूस मला मुद्दाम छळतो आहे, असं मी बायकोला बोलूनही दाखवलं.

शेवटी एका रविवारी सकाळी जवसाचं तेल लावून, पातं चामड्याच्या पट्ट्यावर परजून, वस्तरा त्यांच्या हातात दिला. खोट काढायला जागाच ठेवली नव्हती. त्यांनी तो मिटला, उघडला, मुठीवरून अंगठा फिरवला. पात्यावरून उडालेला उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडला होता, आणि तो एका जागी ठरत नव्हता. भिंतभर नुसता थरथरत होता.

मी कवडशाकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे. वडिलांनी मला पाहताना पाहिलं.

"वरीस झालं," ते म्हणाले. "दोनदा गळ्यापाशी लागलं. तू मूठ मोडली तं मले बरंच वाटलं."

"मंग सांगतलं काहून नाही? पाच महिने मी शिंग घासून राहिलो!"

"कसा सांगू? तू तं आपल्याच चुकीनं अर्धा झालता. अन् मले लाज वाटे."

"अन् ते निळ्या रेघेचं पोतं?"

"मीच देलं काढून."

पाच महिन्यांचा सगळा राग काढणार होतो, पण तोवर त्यांनी वस्तरा मिटून माझ्यापुढे धरला होता.

"आता तोंडाकडे काय पाहतं? पाणी आन."

मी पाणी आणलं, फेस केला. कात्रीने दाढी उतरवली तेव्हा गळ्यावरचे दोन जुने पांढरे व्रण दिसले. दुसरा चांगलाच लांब होता. जन्मभर आमच्याकडे पाठ करून बसलेला माणूस माझ्याकडे तोंड करून बसला होता. "तिरपा धर," म्हणाले. "अजून तिरपा." मग हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

"हात थरथरून राहिला का तुहा?" त्यांनी तसंच विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं.