रुमालांची कवायत

मुलांना एका पायावर उभं करणं सोपं आहे. शिक्षा म्हणून आपण ते पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. सोळा मुलांनी एकदम, न डुलता, हसतमुखाने एका पायावर उभं राहायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हे मात्र मी महाडला झालेल्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणात शिकले. शिकवणारे साहेब गळ्यात शिट्टी घालून खुर्चीत बसत. दहा दिवसांत ते स्वतः एकदाही एका पायावर उभे राहिले नाहीत. निरोपाच्या वेळी त्यांनी आम्हाला एक पुस्तिका दिली. तिच्यात शरीराचा तोल या विषयावर दोन पानं होती. ती लिहिणाऱ्याने मूल पाहिलं असावं, पण लांबून.

माझी शाळा आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी होती. चौथी ते सातवीची मुलं माझ्याकडे एकाच खोलीत बसत. शिक्षक दोन, मुख्याध्यापक गुरुजी आणि मी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी सव्वीस जानेवारीला पोलादपूरला तालुक्याच्या कार्यक्रमात आमच्या शाळेची सामूहिक कवायत ठरली, म्हणून दिवाळीनंतर लगेच सराव सुरू केला.

मी निवडलेल्या प्रकाराला पुस्तिकेत ‘उमलते फूल’ म्हटलं होतं. सरकारी कागदावर माणसं गोल उभी राहिली की त्यांचं फूलच होतं. सोळा मुलं हातात हात धरून रिंगण करायची. एकाआड एक मूल मागे झुकायचं, मधली पुढे झुकायची. सगळ्यांचा भार हातांवर यायचा आणि त्या ताणावर रिंगण उभं राहायचं. मग सगळ्यांनी एकदम डावा पाय उचलायचा. पहिल्या आठवड्यात आमचं फूल रोज कोसळत होतं. मी ओरडायची, “पाय उचला!” मुलं पाय उचलायची आणि पडायची.

चूक कळली ती एका पाचवीतल्या मुलीमुळे. ती ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतून यायची. पावसाळ्यात ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव असे. वाडीतली पोरं एकमेकांचे हात धरून, साखळी करून तो ओलांडत, आणि साखळीच्या पुढे ही. एकदा रिंगण कोसळल्यावर ती शेजारणीवर उखडली.

“अगो, पाय कशाला उचलतेस आधी? आधी तिकडं जा ना! उजव्या पायावर जा सगली. मंग डावा रिकामा व्हतो, त्याला उचलायला नाय लागत.”

“सांगणारी मोठी आली! मास्तरीण हायेस का?”

“नाय. पन मी पडत नाय आनि तू पडतेस.”

आधी वजन, मग पाय. पुस्तिकेच्या दोन पानांत नव्हतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी तिला गोलाच्या मधोमध उभं केलं, मग एकेका मुलाशेजारी. ज्याचा हात ती धरे तो पडत नसे. “तुला कसं कळतं गं?” मी विचारलं. ती म्हणाली, “हात धरला का कलतं, बाई. पडायच्या आधी हात सांगतो.” पंधरा दिवसांत फूल उमलायला लागलं. गुरुजी व्हरांड्यातून पाहत आणि पान जुळवता जुळवता मान डोलावत.

मग एका दुपारी शाळा समितीतले एक गृहस्थ आले. चहा झाला, भाताच्या पिकाची चौकशी झाली. निघताना, चप्पल घालता घालता, त्यांनी विषय काढला.

“बाई, आमची काय हरकत नाय बरं का. पोरं ती पोरं. आता जमाना बदललाय. पण घरची म्हातारी हाय ना, ती ऐकत नाय. नातीचा हात कोनाच्या हातात हाय ते तिनं बघितलं. आता ती म्हनते, नातीला पाठवायची नाय.”

त्या म्हातारीला मी कधी पाहिलं नाही. पुढल्या आठवड्यात आणखी दोघं आले, त्यांच्याही घरी अशीच एकेक म्हातारी होती. तालुक्यात हरकत असलेला पुरुष एकही नव्हता. सगळं आजीबाईंनी धरून ठेवलं होतं.

मी काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी महाडची. चवदार तळ्याच्या काठाने शाळेत जात लहानाची मोठी झाले. दर मार्चमध्ये तिथे जमणारी माणसं, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, कडेवरची मुलं, हे सगळं मी गॅलरीतून पाहिलेलं. कॉलेजात या विषयावर निबंध लिहून शाबासकीही मिळवलेली. अडाणी होते असं म्हणायची सोय मला नाही.

मी रुमाल आणले.

पोलादपूरच्या शिंप्याकडून उरल्यासुरल्या रंगीत कापडाचे सोळा रुमाल शिवून घेतले, लाल, पिवळे, हिरवे. आता कुणी कुणाचा हात धरायचा नाही. प्रत्येक दोघांच्या मध्ये एक रुमाल, एक टोक याच्या हातात, दुसरं तिच्या. कुणाला काढून टाकलं नाही, कुणाला दुखवलं नाही, म्हाताऱ्यांचं समाधान. गुरुजी म्हणाले, “बाई, तुम्ही राजकारणात जायला हव्या होत्या.” आणि खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होते.

सरावात रिंगण पुन्हा डुलायला लागलं. कापड सरकायचं, मूठ सैल व्हायची. त्या मुलीने दोन दिवस रुमाल मुठीला गुंडाळून पाहिला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली.

“बाई, रुमालातनं वजन कलत नाय. हात असला का ती पडायच्या आधी कलतं. रुमालात पडल्यावर कलतं.”

“सवय होईल,” मी म्हटलं.

“हात धरला तर नाय का चालनार?”

“दिसायला छान दिसतं गं, रंगीत.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “बरं,” म्हणाली आणि गेली.

मी झुकणं निम्मं केलं, पाय वीतभरच उचलायला लावला. कवायतीत तोल उरला नाही, नुसते रंग उरले. सव्वीस जानेवारीला पाहुण्यांनी त्याच रंगांचं कौतुक केलं. भाषणात त्यांनी आमच्या रिंगणाला राष्ट्रीय एकात्मतेचं प्रतीक म्हटलं. टाळ्या झाल्या. विस्तार अधिकाऱ्यांनी शेरेपुस्तकात ‘रुमालांची कल्पना नावीन्यपूर्ण, अन्य शाळांनी अनुकरण करावे’ असं लिहिलं. पुढे लोकांनी अनुकरणही केलं. नंतरच्या काही वर्षांत मी निदान चार शाळांत मुलांना रुमाल धरून गोल उभं राहिलेलं पाहिलं.

फेब्रुवारीत आसपासच्या शाळांतले शिक्षक आमच्या अंगणात प्रात्यक्षिक पाहायला जमले. कवायत झाली. मागच्या रांगेतला एक तरुण शिक्षक उभा राहिला. नुकताच नोकरीला लागलेला, बोलण्यावरून महाडकडचा.

“बाई, या प्रकारात हात धरायचे असतात ना? पुस्तिकेत तसंच आहे. रुमाल कशासाठी?”

“हात निसटतात,” मी म्हटलं. “घाम येतो मुलांना.”

“थंडीत?”

दोनतीन माणसं हसली. गुरुजी पानाच्या डब्यात काहीतरी शोधू लागले. तो शिक्षक हसला नाही. तो उत्तराची वाट पाहत उभा होता, आणि मला वाटतं त्याला उत्तर ठाऊक होतं. ते माझ्या तोंडून यावं, एवढंच त्याला हवं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात रिंगणातून ती मुलगी बोलली.

“आमचं हात मलकं असतात, गुरुजी. शेनामातीचं. म्हनून बाईंनी रुमाल दिलेत.”

“वा! म्हणजे स्वच्छतेचाही धडा,” जमलेल्यांतले एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले. कुणीतरी ते वहीत टिपून घेतलं. तो तरुण शिक्षक तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, आणि खाली बसला.

मी तोंड मिटलं.

तिने मला वाचवलं, की तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं, की आपल्याच हातांत काहीतरी आहे? पहिलं असेल तर अकरा वर्षांच्या मुलीने माझ्यासाठी खोटं बोलावं अशी वेळ मी आणली. दुसरं असेल तर ते तिला मी शिकवलं, दोन महिने, रोज अर्धा तास, शिट्टी वाजवून. यातलं कुठलं बरं, हे मी पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केला आहे. ती पुढे आणखी दोन वर्षं आमच्या शाळेत होती. माझ्या टेबलापासून चार हातांवर बसायची. मला तिला एकच सांगायचं होतं, तुझ्या हातांत काही वाईट नव्हतं. मी तिला शुद्धलेखन सांगितलं, अपूर्णांक सांगितले, नकाशात नद्या दाखवल्या.