पागाचं शिसं

पाग म्हणजे फेकायचं जाळं. त्याच्या काठाला वजनासाठी शिसं लावतात, आणि ते नखाने ओरखडा उठेल इतकं नरम हवं, तरच दोरीवर दाबून बसतं. मला न् मामाला हे चांगलं ठाऊक होतं. पण खोपोलीच्या टायरवाल्याकडचं कडक शिसं ओतल्यावर रुप्यासारखं चमकलं आणि आम्ही हुरळलो. मामा म्हणाला, "नरम गेलं खड्ड्यात!"

पाताळगंगेच्या डोहात मामाने पाग फेकला. शिशाच्या गोळ्या बंदुकीतून सुटल्यासारख्या चौफेर उडाल्या. हलकं झालेलं जाळं तरंगत जाऊन डुंबणाऱ्या म्हशीच्या शिंगांत अडकलं. म्हैस उठून निघाली. जाळ्याची दोरी मामाच्या मनगटाला बांधलेली.

हसून हसून मी खाली बसलो, तरी ओरडलो, "मामा, सोडू नको, मोठा हाय!"