किटलीच्या टोपीची तीट

नलूवहिनी गेली हे दादाने मला गुडगावच्या ऑफिसात फोन करून सांगितलं. मी बॅग उचलून निघाले, नोएडाला पोचेपर्यंत रडले. पण आज, दोन महिन्यांनी, लिहायला बसलेय तर रडू नाही, संताप येतोय. गेलेल्या माणसावर गोडगोड लिहावं म्हणतात. लिहोत बापडे! शोकसभेत एकजात सगळ्यांनी तेच म्हटलं, ‘वहिनींच्या हातात कला होती हो.’ होती ना? मग त्या हातांनी शिवलेली एक तरी वस्तू दाखवा तुमच्या घरातली!

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली ती करोल बागेतल्या गच्चीवरच्या खोलीत. खाली ओळीने शिंप्यांची दुकानं. त्यांच्या चिंध्या ती मागून आणायची, ‘भैयाजी, कतरन फेंकना मत,’ असं तिच्या पुणेरी हिंदीत बजावून. त्यातून पोटल्या, उशांचे अभ्रे, बारशाला झबली-टोपडी, कुणाला चष्म्याचं घर. मला नोकरी लागली तेव्हा डब्याची पिशवी शिवून दिली, आत चमच्यासाठी वेगळा कप्पा. ‘अगं, त्यात काय, दोन सरळ शिवणी तर आहेत,’ म्हणायची. आणि प्रत्येक वस्तूच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी, काळ्या दोऱ्याची एक छोटी फुली. ती तीट! लेकराच्या गालाला लावतात तशी. तीट लावल्याशिवाय वस्तू घराबाहेर पडायची नाही.

मग दादाने सरकारी नोकरी सोडून कंपनी धरली. नोएडात फ्लॅट आला, सोफा आला आणि साहेबाची बायको आली... देसाईबाई. मराठीच, पण जन्म दिल्लीतला. त्यांच्या घरी पहिल्या दिवाळीला काय द्यायचं म्हणून वहिनीने टीकोझी केली, किटलीवर घालायची गुबगुबीत टोपी. कापड कुठलं? स्वतःच्या डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीचं! आत पानिपतहून आणलेल्या रजईचा कापूस. मी म्हटलं, ‘वहिनी, ही साडी कापलीस?’ तर म्हणाली, ‘द्यायचं तर आपलं काहीतरी द्यावं गं.’

आता दिल्लीची दिवाळी ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. इथे डबे या घरातून त्या घरात फिरतात. आलेलं माळ्यावर टाकायचं, नवा कागद चढवायचा, पुढे ढकलायचं. पुढच्या वर्षी भाऊबीजेला मी दादाकडे होते. देसाईबाईंचा ड्रायव्हर सोनेरी कागदातला डबा देऊन गेला. वहिनीने उघडला. हिरवी टोपी! कुणी दिली होती हेसुद्धा विसरली होती बया. वहिनीने ती उलटी केली, फुलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘अगंबाई, माहेरपणाला आली ही...’

‘माहेरपणाला? टाकलीय तिला!’ मी ओरडलेच. ‘लाव फोन, नाहीतर मी लावते.’

‘मीने, तमाशा नको यार,’ दादा म्हणाला. ‘साहेब आहेत ते.’

वहिनी सुई घेऊन बसली आणि पहिल्या फुलीशेजारी दुसरी घातली. टोपी किटलीवर चढली, ती आजतागायत. पण त्यानंतर वहिनीने बाहेरच्या कुणासाठी कधी काही शिवलं नाही. दिवाळीला काजू-बदामाचे डबे विकत आणायची. मशीनवर चादर पडली. वहिनी, तुझाही राग येतो मला! त्या बाईपायी तू हात का आवरलास गं?

गेल्या आठवड्यात देसाईबाई भेटायला आल्या. मी चहा ठेवला. किटलीकडे पाहून म्हणतात कशा, ‘अच्छा, ही त्यांनी केलेली? हाऊ स्वीट! आजकाल हँडमेडच चालतं बिल्कुल. मला द्याल का? त्यांची आठवण म्हणून.’

मी टोपी काढली, उलटी केली, त्यांच्यापुढे धरली. ‘ही तीट तुमच्या घरी पाठवताना लावलेली. आणि ही, तुम्ही परत पाठवलीत तेव्हाची.’

बाईंनी दादाकडे पाहिलं. दादा खाली बघत होता. ‘मला खरंच आठवत नाही हो,’ त्या पुटपुटल्या. ‘पण आता द्या ना. नीट जपेन मी.’

‘नाही देसाईबाई,’ मी म्हटलं. ‘एकदा टाकलेली लेक आम्ही परत नांदायला पाठवत नाही.’

आता दादा म्हणेल, तमाशा नको... मी वाटच बघत होते. टोपी सरळ करून किटलीवर घातली. दादाने मान वर केली आणि त्या बाईंसमोर आपला कप माझ्यापुढे सरकवला. ‘मीने, मला दे अजून थोडा. गरम आहे ना?’

होता. चांगला वाफाळता होता.